मीटरमधला शून्य

"बाजारात तयार मिळतं ते घरी करायचं कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे मोठा सोयीस्कर आहे. लोणचं, मेतकूट, चकलीची भाजणी यांच्या बाबतीत तो कुणी विचारत नाही. तिथे 'घरचं ते घरचं' म्हणून कौतुक होतं. पण घरातला एखादा माणूस जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री घेऊन मोटरसायकलचा डिजिटल मीटर करायला बसला, की आत्यापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात. गेले चार महिने मी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तर एकदाच लिहून टाकावं म्हटलं. नात्यातली मंडळी हे वाचतातच, त्यामुळे दिवाळीत पुन्हा सांगावं लागणार नाही. :-)

तर, पैसे वाचतात म्हणून मी मीटर केला नाही. खर्च अडीच हजारांच्या आत बसला, हे खरं. पण त्याहून कमी पैशांत नाना पेठेत जुन्या गाड्यांचा तयार मीटर मिळतो, दुकानदार वर चहा पाजतो. छंद हेही पूर्ण उत्तर नाही. माझं मत असं आहे, की आपण ज्या आकड्यांवर विश्वास ठेवून रस्त्यावर जीव घालतो, ते आकडे कसे तयार होतात हे आयुष्यात एकदा तरी स्वतः करून बघावं. कारण मीटरवरचा प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी घेतलेला एक निर्णय असतो. हे वाचून पटत नाही, करून बघितलं की पटतं.

गाडी बाबांची. १९९४ची बुलेट स्टँडर्ड ३५०. गिअर उजव्या पायाला, हेडलाइटच्या वर तो टोप, त्यात एक स्पीडोमीटर आणि शेजारी छोटासा अ‍ॅमीटर. स्पीडोमीटरचा काटा गेली काही वर्षं चाळिशी आणि ऐंशीच्या मध्ये गणपतीतल्या लेझीमसारखा नाचत होता. बाबा म्हणायचे, "मला इंजिनाच्या आवाजावरून कळतो वेग." कळतही असेल, पण गाडी आता मी चालवतो आणि माझे कान तितके तयार नाहीत.

आधी जुन्या मीटरबद्दल दोन शब्द, कारण त्याला नावं ठेवायचा माझा अजिबात हेतू नाही. चाकापासून आलेली केबल मीटरच्या आत एक लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. पण चुंबक फिरला की वाटीत भोवरे काढणारा विद्युतप्रवाह तयार होतो, वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ही ओढाताण जिथे थांबते तिथे काटा उभा. जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढे पाऊणशे-शंभर वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या याच तत्त्वावर वेग सांगत होत्या. बॅटरी नको, प्रोग्रॅम नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो उघडून बघितला तर समजतो!

माझ्या मीटरमध्ये यातलं काही नाही. पुढच्या चाकाच्या हबवर एक छोटा चुंबक चिकटवला आहे आणि फोर्कला एक हॉल सेन्सर. चुंबक समोरून गेला की सेन्सर एक टिचकी मारतो. ही टिचकी एटीमेगा ३२८ नावाच्या चिपकडे जाते. अर्डुइनोच्या बोर्डावर असते तीच. ३२ किलोबाइट प्रोग्रॅमसाठी आणि २ किलोबाइट कामाची स्मरणशक्ती. आज मोबाइलवर आलेल्या 'शुभ सकाळ'च्या एका गुलाबाच्या फोटोला याहून कितीतरी जास्त जागा लागते. दाखवायला पडदा घेतला तो नोकिया ५११० या १९९८ सालच्या फोनमध्ये होता तसा, ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, काळापांढरा. चकचकीत ओएलईडी पडदे घरात सुंदर दिसतात, पण एप्रिलच्या दुपारी उन्हात त्यांच्यावर आपलाच चेहरा दिसतो. नोकियाचा पडदा उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो. बाकीचं सगळं सामान बुधवारातल्या तपकीर गल्लीत एका चकरेत मिळालं.

आता गणित. टायर ३.२५ बाय १९. रिमचा व्यास आणि दोन्ही बाजूंच्या टायरची उंची धरली तर चाकाचा घेर साधारण २.०३ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला आठ फेऱ्यांच्या थोडं वर फिरतं, म्हणजे दर १२२ मिलिसेकंदांनी एक टिचकी. दोन टिचक्यांमधला वेळ मोजला, घेराला भागलं, झाला वेग. शाळेतलं त्रैराशिकच.

पण मग गाडी थांबते.. आणि इथेच गंमत सुरू होते.

गाडी थांबली हे सांगणारी कुठलीही खूण चाकाकडून येत नाही. टिचकी येत नाही, एवढंच. ती अजून आली नाही, की येणारच नाही, हे चिपला कळायला मार्ग नाही. म्हणजे किती वेळ वाट बघून 'गाडी थांबली' असं म्हणायचं, ते मला ठरवावं लागलं. मी दोन सेकंद ठरवले. याचा अर्थ ताशी साधारण साडेतीन किलोमीटरहून हळू जाणारी गाडी माझ्या मीटरच्या मते उभी आहे. लक्ष्मी रस्त्यावर गणपतीच्या आदल्या दिवशी मी तासभर 'उभा' असू शकतो.

याहून अवघड भाग पुढे आहे. सेन्सरची वायर तुटली तरीही टिचकी येत नाही. म्हणजे उभी गाडी आणि तुटलेली वायर या दोन गोष्टी चिपला अगदी सारख्याच दिसतात. साध्या प्रोग्रॅममध्ये दोन्हीला 'शून्य' दिसेल. मला ते पटेना. शून्य हे उत्तर आहे, 'माहीत नाही' हे वेगळं उत्तर आहे. म्हणून मी इंजिनाच्या फेऱ्यांची मदत घेतली. प्लगच्या जाड वायरभोवती दुसऱ्या वायरचे काही वेढे दिले की प्रत्येक ठिणगीची चाहूल लागते. (बुलेटमध्ये इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी पडते, तेव्हा आकडा दुप्पट करायचा.) इंजिन दहा सेकंद सलग अडीच हजार फेऱ्यांच्या वर आहे आणि चाकाची एकही टिचकी नाही, असं झालं की माझा मीटर शून्य दाखवत नाही, दोन आडव्या रेघा दाखवतो. म्हणजे, 'मला माहीत नाही, तुमचं तुम्ही बघा.' सिग्नलला उभं राहून उगाच गाडी पेटवणाऱ्यांनाही त्या रेघा दिसतील, पण त्यांच्याबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

या दोन रेघा माझ्या चार महिन्यांच्या उद्योगाचं सार आहेत असं मला वाटतं. प्रोग्रॅमच्या मोजून पाच-सहा ओळी. पण आपल्या आजूबाजूच्या किती यंत्रांना 'माहीत नाही' म्हणता येतं? सेन्सर बंद पडला तरी पडद्यावर एक सुबक आकडा येतच राहतो, आणि आकडा दिसला की आपण मान डोलावतो. माणसांचंही तसंच होतं म्हणा. पण तो विषय वेगळा. असो.

दुसरा निर्णय खरेपणाचा. मीटर चालू झाल्यावर बाबांची पहिली तक्रार आली, "गाडीचा दम गेला रे. आधी याच आवाजाला सत्तर जायची, आता चौसष्ट दाखवतेय." गाडी तीच, आवाज तोच. मी महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी घड्याळ लावून ताळा केला. मग समजावलं, की गाड्यांचे मीटर मुळातच थोडे पुढे पळतात, आणि ते ठरवून केलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो, की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असला तर चालतो, खऱ्या वेगाचा एक दशांश अधिक ताशी ४ किलोमीटर इतका. म्हणजे खरा वेग ६० असेल तर मीटरने ७० दाखवलं तरी ते नियमात बसतं. कारणही योग्य आहे. टायर झिजतो, नवा बसवला की घेर वाढतो, हवा कमीजास्त होते. चूक व्हायचीच असेल तर ती चालवणाऱ्याला सावध करणाऱ्या बाजूने व्हावी.

मग माझ्या मीटरने काय करावं? अगदी खरं बोलावं की सावध करावं? मी घेर न दबलेल्या टायरचा धरला. माणूस बसल्यावर टायर थोडा दबतो आणि प्रत्यक्ष घेर कमी भरतो, त्यामुळे माझा मीटरही दोन-तीन टक्के पुढेच असतो. मुद्दाम. पण किती आणि का, ते मला माहीत आहे. "म्हणजे इतकी वर्षं मी सत्तरने जातच नव्हतो?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "बाबा, आईला मात्र तुम्ही नेहमी पन्नास सांगत होतात. त्यामानाने मीटर बराच प्रामाणिक होता."

तिसरा निर्णय सगळ्यात जड गेला. एकूण अंतर. जुन्या मीटरला पाच आकडे. ९९,९९९ झाले की पुन्हा सगळे शून्य. २०११ साली तो एकदा असा फिरला, तेव्हा बाबा पेढे घेऊन आले होते. मीटर काढला त्या दिवशी त्यावर ४१,३८६ होते. म्हणजे खरे १,४१,३८६. नव्या चिपमध्ये हा आकडा कुठून सुरू करायचा? प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ आहे. तिथे मी शून्य लिहू शकतो, बारा हजार लिहू शकतो, काहीही लिहू शकतो. विचारणारं कुणी नाही. जुनी गाडी विकताना किलोमीटर मागे फिरवणारे लोक नेमकी हीच ओळ बदलत असतात. पूर्वी त्यासाठी मीटर उघडून चाकं फिरवावी लागत, आता लॅपटॉप पुरतो. ते किती सोपं आहे हे बघून मला खरोखर थोडी भीती वाटली.

बाबा म्हणाले, "नवा मीटर आहे, शून्यापासून लाव." मला एक लाख एक्केचाळीस हजार हवे होते, कारण ते बाबांचे होते. त्यात रोजची भोसरी होती, आजीला दवाखान्यात नेल्याच्या खेपा होत्या, माझी शाळा होती. पण विचार करता करता लक्षात आलं, की तो आकडा माझ्या चिपने मोजलेला नाही. दुसऱ्याने मोजलेलं आपल्या नावावर लिहिणं बरोबर नाही, आणि पुसून टाकणं तर त्याहून नाही. म्हणून पडद्यावर दोन ओळी आहेत. वर 'आधीचे' १,४१,३८६, हा आकडा कधी बदलत नाही. खाली 'या मीटरचे', ते वाढत जातात. जुना मीटर त्याच आकड्यावर थांबलेला तसाच कपाटात ठेवला आहे आणि सर्व्हिसच्या वहीत तारीख घातली आहे. बाबांना हे पटलं. ते म्हणाले, "जमाखर्चाच्या वहीत 'मागील पानावरून' लिहितात, तसं केलंस." अगदी तसंच!

करणाऱ्यांसाठी एक तांत्रिक टीप. चिपमधली कायमची स्मृती ही पाटीसारखी असते, पुसून पुसून झिजते. एका जागी सुमारे १ लाख वेळा लिहिण्याची हमी कंपनी देते. दर १०० मीटरला एकाच जागी लिहिलं तर १० हजार किलोमीटरमध्ये ती हमी संपली. उपाय सोपा आहे. १ किलोबाइट जागेत चार चार बाइटचे २५६ कप्पे होतात, त्यात आळीपाळीने लिहायचं. मग हिशोब २५ लाख किलोमीटरच्या वर जातो, तेवढी बुलेटही टिकणार नाही आणि मीही.

आता काय दाखवायचं नाही, याबद्दल. चालत्या गाडीवर माझा पडदा वेग दाखवतो, मोठ्या आकड्यात. बाकी सगळं, म्हणजे अंतर, बॅटरीचे व्होल्ट, इंजिनाच्या फेऱ्या, गाडी थांबली की. "ब्लूटूथ नाही? फोन कुणाचा आला ते दिसत नाही?" हा प्रश्न भाच्याने विचारला. नाही दिसत. ताशी ६० ला दोन सेकंद खाली बघितलं तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. आपल्याकडे ३३ मीटरमध्ये एक खड्डा, एक न रंगवलेला स्पीडब्रेकर आणि उलट्या दिशेने येणारा एक सद्गृहस्थ आरामात मावतात. आणि अ‍ॅमीटरला मी हातही लावला नाही. काटा डावीकडे कलला की बॅटरी रिकामी होतेय, उजवीकडे कलला की भरतेय. ते 'वाचावं' लागत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. चांगला काटा असताना तिथे आकडा बसवणं हा शहाणपणा नव्हे.

एक पथ्य मात्र मी काटेकोर पाळलं. मीटर फक्त ऐकतो, गाडीला हुकूम काही देत नाही. त्याचा फ्यूज वेगळा, गाडीची मूळ वायर एकही कापलेली नाही. मीटर जळला तरी गाडी घरी येते. गाडीचे बारा व्होल्ट हे म्हणायला बारा. चार्जिंग चालू असताना चौदाच्या वर असतात आणि मधूनच मोठा झटका येतो, म्हणून आत शिरतानाच त्याला आवरणारा डायोड हवा. ५ व्होल्टसाठी नेहमीचा ७८०५ रेग्युलेटर वापरला तर अर्धा वॉट कामाला आणि जवळजवळ एक वॉट नुसता गरम व्हायला जातो, त्यापेक्षा बक कन्व्हर्टर बरा. बुलेट हलवते फार, तेव्हा टोचून बसवायच्या वायरी विसरा, झीरो पीसीबीवर सगळं पक्कं सोल्डर करा. आणि आपला पाऊस लक्षात ठेवून सेन्सर अराल्डाइटमध्ये बुडवून टाका. ब्रेक, एबीएस, थ्रॉटल यांच्या वाटेला मात्र घरच्या घरी जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

हे सगळं तीस वर्षांपूर्वीच्या गाडीवर जमलं, कारण ती गाडी कुणालाही स्वतःकडे बघू देते. आजच्या गाडीवर जमेल का? बॉशने १९८६ साली कॅन बस नावाची पद्धत आणली. दोन वायरींवर गाडीतले सगळे संगणक एकमेकांशी बोलतात. आता ती मोटरसायकलींतही आली आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांमुळे दुचाकींना इंजिनाच्या बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणाही लागते. म्हणजे गाडीला स्वतःबद्दल पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माहिती असते. पण ती मालकाला दिवा लावून फक्त 'काहीतरी बिघडलंय, सर्व्हिस सेंटरला जा' एवढंच सांगते. नेमकं काय, ते सेंटरवाल्याच्या यंत्राला.

कंपन्यांची बाजू मला समजते. कुलूप नसेल तर कुणी किलोमीटर मागे फिरवेल, कुणी प्रदूषणाच्या सेटिंग बदलेल. मीच वर सांगितलं, ती एक ओळ बदलणं किती सोपं आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की लिहायला कुलूप जरूर लावा, वाचायला मात्र उघडं ठेवा. माझ्या गाडीची बॅटरी किती व्होल्टवर आहे, कुठला सेन्सर तक्रार करतोय, हे वाचायचा मला हक्क असावा, आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगली सुरुवात आहे. पण माहिती मागितल्यावर ती समजून घेणारी माणसंही हवीत, आणि ती एखादा मीटर, एखादा मिक्सर उघडून बघितल्याशिवाय तयार होत नाहीत.

म्हणून, कॉलेजात असाल तर एक तरी असलं काहीतरी करा. मीटरच हवा असं नाही. पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा दिवा करा. आकडा आला की स्वतःला दोनच प्रश्न विचारा, हा कुठून आला, आणि याला माहीत नसेल तेव्हा हा काय दाखवतो?

कुणाला सर्किट आणि प्रोग्रॅम हवा असेल तर जरूर सांगा, सगळं मराठीत टिपणं घालून ठेवलं आहे. आत्याच्या अ‍ॅक्टिव्हाला मात्र मी हात लावणार नाही. तिचा मीटर व्यवस्थित चालतो, आणि आत्याला विचारायची माझी हिंमत नाही. :-)